मदत हवी आहे: मंडळींना टीव्हीवरचं जुनं जॅझ दाखवायचंय, पण मलाच ते नीट पाहता येत नाही

अंगणवेल

नमस्कार मंडळी.

आमच्या सोसायटीत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दहा-बारा जण जमतो. प्रत्येकाने आळीपाळीने तासभर काहीतरी ऐकवायचं. आजवर मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरीताई, कुमारजी झाले, एकदा बालगंधर्वांच्या तबकड्याही झाल्या. मागच्या खेपेला चहाच्या भरात मी बोलून बसले, की पुढच्या वेळी जॅझ. आता रविवार दहा दिवसांवर आलाय आणि माझ्या पोटात गोळा.

झालं असं, की मुलीने एक व्हिडिओ पाठवला. बिली हॉलिडे गातेय, गाणं 'फाइन अँड मेलो', अमेरिकन टीव्हीवरचं, १९५७ सालचं. भोवती वाजवणारे अर्धवर्तुळात उभे, कुणाच्या डोक्यावर हॅट, कुणाच्या हातात सिगरेट. मला आवडलं, खोटं कशाला बोलू. पण त्याखाली जगभरच्या लोकांनी लिहिलंय, की सॅक्सोफोनवाला लेस्टर यंग वाजवायला लागतो तिथे रडू आवरत नाही. मी सहा वेळा पाहिलं. एक थकलेला माणूस उठतो, मोजके सूर वाजवतो, संपलं. रडू सोडाच, तो संपला कधी तेही मला पहिल्या दोनदा कळलं नाही.

आणखी अडचणी:

दुसरं, पेटी घेऊन बिलीचा सूर शोधायला बसले, तर दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी लटकतो. दुसरी प्रत सापडली, तिच्यात सूर खाली आणि गाणं वीसेक सेकंद लांब. खरं कुठलं?

तिसरं, त्याच कार्यक्रमाच्या नावाची तबकडी इंटरनेटवर ऐकली. तिच्यातलं गाणं निराळंच निघालं!

चौथं जरा मजेशीर आहे. १९४० च्या आसपासची एक फीत मिळाली, तिच्यात सगळा बँड डावखुरा. ट्रम्पेटवाले डाव्या हाताने कळा दाबतायत. असं असतं का?

आणि समोर बसणारे सगळे आपल्या संगीतात मुरलेले. त्यांना काय सांगू?

---

तबकडीवाला

अंगणवेल ताई, शेवटच्यापासून घेतो. बँड डावखुरा नाही, फीत उलटी आहे. हे टीव्हीवरचं नव्हेच. १९४० ते ४६ या काळात अमेरिकेत 'साउंडीज' नावाच्या तीनेक मिनिटांच्या फिल्मा निघत. हॉटेलात, बारमध्ये 'पॅनोरॅम' नावाचं कपाटाएवढं यंत्र असायचं. दहा सेंट टाकले, की त्याच्या पडद्यावर एक गाणं दिसायचं. कपाटाच्या आत प्रोजेक्टर, आणि चित्र आरशांवरून फिरून मागच्या बाजूने पडद्यावर पडायचं. ते सुलट दिसावं म्हणून प्रती मुळात उलट्या छापत. आज कुणी तशी प्रत सरळ उतरवून इंटरनेटवर टाकली की अख्खा बँड डावखुरा होतो. तुमच्या प्लेअरमध्ये चित्र आडवं पलटवायची सोय असेल, ती वापरा.

साउंडीज दाखवणारच असाल तर एक ध्यानात ठेवा. बहुतेकांत आवाज आधी रेकॉर्ड केलेला असतो आणि कॅमेऱ्यापुढे नुसता अभिनय. ड्रमवाल्याची काठी आणि आवाज जुळतोय का बघा, लगेच कळेल. १९५० नंतर लुई स्नेडर या निर्मात्याने खास टीव्हीसाठी 'टेलिस्क्रिप्शन्स' नावाच्या अशाच छोट्या फिल्मा काढल्या. ड्यूक एलिंग्टनच्या १९५२ मधल्या आहेत. थेट फिल्मवर घेतलेल्या, म्हणून चित्र लख्ख.

आता सूर. तुमचा कार्यक्रम म्हणजे 'द साउंड ऑफ जॅझ', सीबीएस वाहिनी, ८ डिसेंबर १९५७, रविवार. थेट प्रक्षेपण. जे उरलंय ते किनेस्कोप, म्हणजे टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून घेतलेली नक्कल. म्हणून चित्र भुरकट. फिल्म सेकंदाला २४ चित्रांची. युरोपातल्या (आपल्याकडच्याही) जुन्या टीव्ही पद्धतीत २५ लागतात, म्हणून तिथे फिल्म थोडी पळवत. चार टक्के वेग वाढला की सूर अर्ध्या पट्टीहून जरा जास्त चढतो. तुमची लटकणारी प्रत तीच. लांब आणि खालच्या सुराची घ्या.

आणि कृपा करून रंगवलेली, 'एचडी' केलेली प्रत लावू नका. त्यात चेहरे मेणाचे होतात. या गाण्यात चेहऱ्यांवरच तर सगळं आहे.

तबकडी: ती चार दिवस आधी, ४ डिसेंबरला स्टुडिओत केलेली. साथीदारही थोडे वेगळे. प्रक्षेपणाचा आवाज तो नव्हे. यात फसलेल्या तुम्ही पहिल्या नाही. मी कॉलेजात असताना पोटाला चिमटा काढून ती विकत घेतली होती.

---

उठाण

तबला वाजवतो, जॅझचा पंडित नाही. पण मला ज्या वाटेने यात शिरता आलं ती सांगतो.

हे बारा बारचं ब्लूज. एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे एका फेरीत अठ्ठेचाळीस. तुमच्या मंडळींना सांगा, विलंबित एकताल डोळ्यांपुढे आणा. बारा मात्रा आणि एकेकीच्या पोटात चार. हिशेब तोच! फरक एवढाच, की इथे ठेका रस्ता दाखवत नाही, रस्ता दाखवतात मागचे सूरसमूह. पहिले चार बार षड्जाच्या घरात. पाचवा-सहावा मध्यमाच्या घरात. सातवा-आठवा परत षड्जाकडे. नवव्याला पंचम, तिथून उतरत उतरत अकराव्याला घरी. गाण्याचे शब्दही तसेच: एक ओळ, तीच पुन्हा, मग तिसरी तिचा निकाल लावणारी. कॉन्ट्राबासवर (ते उभं, खर्जातलं तंतुवाद्य) मिल्ट हिंटन आहे. फक्त त्याच्याकडे कान ठेवून दोन फेऱ्या बोटांवर मोजा. मग तुम्हाला कोण कधी संपला ते कळेल.

गंधाराकडेही लक्ष द्या. तो कोमलही नाही, शुद्धही नाही, दोघांच्या मधे कुठेतरी, आणि दर वेळी वेगळ्या जागी. आपल्या माणसांना हे समजावून सांगावं लागणार नाही, पेटी बाजूला ठेवली की पुरे.

लेस्टरला एकच फेरी मिळते. त्याच्या आधी बेन वेब्स्टर वाजवतो. सूर कमी, श्वास जास्त, सूर संपल्यावरही फुंकर ऐकू येत राहते. मग हा. सूर सरळ, जवळजवळ कंप नसलेला, आणि मात्रेच्या किंचित मागे. म्हणजे सम चुकल्यासारखी वाटते, पण तो चुकत नाही, रेंगाळतो. आपल्याकडे चांगला ठुमरीवाला एखादा शब्द उशिरा टाकतो ना, तसं. पुढे कोलमन हॉकिन्स येतो, भरघोस, कंपयुक्त, जिने चढत-उतरत. तिघांचं वाद्य एकच, टेनर सॅक्सोफोन. तीन घराणी एका फ्रेममध्ये उभी आहेत असं समजा. १९३४ मध्ये फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये हॉकिन्सच्या जागी लेस्टर आला, तेव्हा त्याचा सूर हॉकिन्ससारखा जाड नाही म्हणून त्याला इतकी बोलणी खावी लागली, की तो फार टिकला नाही. हे माहीत असलं की तो बारीक सूर ऐकताना मजा वेगळी येते.

---

फुकटचा_सल्ला

वरचं सगळं ठीक, पण ताई, एक विनंती. ती गोष्ट आधी सांगू नका.

तुम्हाला कळेलच म्हणून इथे लिहितो. लेस्टरने बिलीला 'लेडी डे' म्हटलं, तिने त्याला 'प्रेझ'. १९३७ पासून एकत्र रेकॉर्डिंग, मग दुरावा, मग हा दिवस. १५ मार्च १९५९ ला तो गेला आणि १७ जुलैला ती. कार्यक्रमाचे सल्लागार नॅट हेन्टॉफ यांनी पुढे सांगितलं, की कंट्रोल रूममध्ये लोकांचे डोळे भरले होते. तेव्हापासून जो तो रडायची तयारी करूनच बसतो. तुम्ही सहा वेळा पाहून रडला नाहीत, कारण तुम्ही रडू शोधत होता. आधी गाणं लावा. श्राद्धाची हकिकत चहाबरोबर.

---

तबकडीवाला

फुकटचा_सल्ला, निम्मं पटलं. मरणाची गोष्ट मागाहून, मान्य. पण त्या दिवशीची परिस्थिती सांगायला हवी, नाहीतर हे नुसतं जुनं चित्र होतं. लेस्टर इतका अशक्त होता, की बाकीच्या वादनातून त्याला वगळलं होतं. हे एकच गाणं त्याच्या वाट्याला होतं. आणि १९४७ मध्ये अमली पदार्थांपायी झालेल्या शिक्षेनंतर बिलीचा क्लबात गायचा परवाना गेलेला. न्यूयॉर्कमध्ये जिथे दारू मिळते त्या क्लबात तिला गायची बंदी. कार्नेगी हॉल चालेल, टीव्ही चालेल, कोपऱ्यावरचा क्लब नाही. म्हणजे त्या रविवारी लोकांच्या दिवाणखान्यात ती गात होती आणि त्याच शहरातल्या क्लबात गाऊ शकत नव्हती. त्याच डिसेंबरात नॅट किंग कोलचा एनबीसीवरचा कार्यक्रम बंद पडला, देशभराचा प्रायोजक मिळेना म्हणून. या पार्श्वभूमीवर काळे-गोरे एकाच अर्धवर्तुळात उभे आहेत, आणि केबली, कॅमेरे काहीही लपवलेलं नाही.

---

उठाण

+१. आणि लेस्टर वाजवत असताना त्याच्याकडे बघू नका. बिलीकडे बघा.

---

सांजवारा_पणजी

थोडं अवांतर. आपल्याकडच्या स्विंगचं, म्हणजे नाचायच्या जॅझचं, असं काही चित्रण आहे का? आमच्या गोव्याची कितीतरी माणसं तेव्हा ताजमध्ये वाजवत होती.

---

तबकडीवाला

टीव्हीवरचं कुठून असणार! मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. हळदोण्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, ज्याला लोक मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत, तो १९६७ लाच गेला. आपलं स्विंग टिकलं ते हिंदी सिनेमात. सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या 'अलबेला'मध्ये चिक आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतो. अंगणवेल ताई, शेवटची पाच मिनिटं यालाच द्या. तुमच्या मंडळींना ती चाल पाठ असेल, वाजवणारा बघितलेला नसेल.

---

अंगणवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. काल झाला कार्यक्रम. सांगते.

आधी काउंट बेसीचा मोठा बँड लावला, त्याच कार्यक्रमातला. लोक पाय हलवायला लागले, तेव्हा जरा जीवात जीव आला. मग थेलोनियस मंक. तो वाजवतोय आणि पियानोच्या दुसऱ्या टोकाला खुद्द बेसी बसून त्याच्याकडे एकटक बघतोय. आमच्याकडचे एक पेटीवादक काका म्हणाले, "समोर असा कुणी बसला तर मी पेटी मिटून घरी जाईन."

'फाइन अँड मेलो'आधी फक्त बारा बारचा हिशेब सांगितला, बोटांवर. परवान्याचं सांगितलं. मरणाचं नाही. लांब प्रत लावली, दिवे मालवले. पहिल्या कडव्याला सगळे मोजत होते, ओठ हलताना दिसत होते. वेब्स्टरपर्यंत मोजणं थांबलं. लेस्टर उभा राहिला तेव्हा मी उठाण यांचं ऐकून बिलीकडे बघितलं. तो वाजवतोय आणि ती ओळखीचं काहीतरी ऐकल्यासारखी मान हलवतेय, ओठांवर हसू. तो पाचव्या बारला मध्यमाकडे वळला, तशी तिची मानही वळली. मी सहा वेळा पाहिलेल्या चित्रात हे होतंच की!

रडलं कुणीच नाही. फुकटचा_सल्ला, तुम्ही जिंकलात. पण आमच्या ऐंशीच्या घरातल्या काकू, ज्या एरवी तासभर माळ ओढत बसतात, म्हणाल्या, "त्या हॅटवाल्याचं परत लाव गं." लावलं. मग म्हणाल्या, "त्याच्या आधीच्याचंही लाव, ज्याचा श्वास ऐकू येतो." तेही लावलं. त्यात 'अलबेला'ची पाच मिनिटं गेली. आता पुढच्या महिन्यात ती आधी दाखवायची असं ठरलंय, म्हणजे जॅझ पुन्हा माझ्याच गळ्यात.

तर आता दुसरी मदत हवी आहे. काकूंना बेन वेब्स्टर आणखी ऐकायचाय, शक्यतो चेहरा जवळून दिसेल असा. बीबीसीच्या 'जॅझ ६२५' मध्ये तो आहे का? आणि असला तर कुठली प्रत घेऊ, लांब की पळवलेली?

---

तबकडीवाला

आहे, १९६४ चा. आणि तो कार्यक्रम मुळात २५ चित्रांच्या पद्धतीतलाच, त्यामुळे या खेपेला पळवलेल्या प्रतीची भीती नाही. पेटी खुशाल काढा.