जहाजावर जायच्या आधी बोलण्यापुरती ग्रीक कशी शिकू?

कृष्णाकाठ_सांगली: मंडळी, मी विश्रामबागचा, मर्चंट नेव्हीत आहे, पुढच्या जहाजावर कॅप्टन आणि चीफ इंजिनीअर दोघंही ग्रीक आहेत. काम इंग्लिशमधेच चालतं, पण जेवताना ते आपापसात सुरू झाले की आपण नुसतं ताटात बघत बसायचं का? सांगलीत क्लास कुठला मिळणार. आधी लिपी शिकू का डायरेक्ट बोलायला?

हळदवाला: लिपीच आधी. २४ तर अक्षरं, त्यातली निम्मी आपण गणितात घोटलेली. फक्त बीटाला ते वीटा म्हणतात (आपलं खानापूरचं विटा नव्हे 😄). सकाळी कालिमेरा, संध्याकाळी कालिस्पेरा, थँक्यूला एफखारिस्तो, एवढ्यावर सुरुवात होते. आणि 'ने' म्हणजे हो, 'ओखी' म्हणजे नाही, हे डोक्यात फिट कर, नायतर ड्युटीवर घोळ होईल.

मिरजेची_मुलगी: इंग्लिशवाले ग्रीकमधल्या तीन लिंगांना घाबरतात, आपल्याला तो-ती-ते ची सवय आहेच की. तू आणि तुम्ही पण आहे तिकडं, म्हणून कॅप्टनला नमस्कार करताना 'यासू' नको, 'यासास' म्हण. लँग्वेज ट्रान्सफर नावाच्या वेबसाइटवरचा ग्रीक कोर्स फुकट आहे, नुसता ऐकायचा, पाठांतर नाही, मला लय आवडला.

बंदरावरचा: भावा शब्द राहूदे, हाताकडं लक्ष दे! पाच बोटं पसरून पंजा समोरच्याच्या तोंडाकडं केलास तर ती तिकडं शिवी आहे, मूंज्जा म्हणतात. पाच दाखवायचे तर तळवा स्वतःकडं ठेव. आणि मान वर करून च्च केलं तर नाही.

कृष्णाकाठ_सांगली: च्च म्हणजे नाही, हे तर आमच्या आजीचंच! कोर्स आजच लावतो.