थंडीत बाईक कुठपर्यंत चालवायची, आणि मग हिवाळाभर ठेवायची कशी?

सुसाट६५०:

मंडळी, ही बाईक घेतल्यापासूनचा पहिलाच हिवाळा, म्हणून विचारतोय. ६५० सीसी, लिक्विड कूल्ड, फ्युएल इंजेक्शन, टायर स्पोर्ट टूरिंग. सध्या सकाळी ३-४ डिग्री असतं आणि दुपारी ९-१०. बर्फ अजून पडला नाहीये, रस्ते कोरडे दिसतात, सगळे म्हणतायत की आता झाकून ठेव, पण मला अजून चालवायचीच आहे कारण एकदा ठेवली की पुढचे काही महिने नुसतं कव्हरकडे बघायचं. ऑफिस जवळ आहे, दहा-बारा मिनिटांत पोचतो.

सकाळी पहिल्या एक-दोन वळणांवर टायरचा भरवसा वाटत नाही, मनाचे खेळ आहेत की खरंच ग्रिप कमी होते? दुसरं म्हणजे बोटं. जाड ग्लोव्हज घालूनही पोचेपर्यंत बधीर होतात, हीटेड ग्रिप्स घेऊ का? आणि तिसरं, ठेवल्यावर दर आठवड्याला दहा मिनिटं स्टार्ट करून ठेवायची असं शेजारचे काका सांगतायत, ते बरोबर आहे का?

मोकळी_वाट:

मनाचे खेळ अजिबात नाहीत. साधारण ७ डिग्रीच्या खाली गेलं की उन्हाळी रबर कडक व्हायला लागतं, आणि तुझा प्रवास इतका छोटा आहे की टायर गरम व्हायच्या आतच तू ऑफिसला पोचलेला असतोस. म्हणजे अख्खा रस्ता तू गार टायरवरच कापतोयस. पहिले काही किलोमीटर गाडी फार झुकवू नकोस, थ्रॉटल हळू उघड, ब्रेक आधी हलका दाबून मग वाढव. झटका कशातच नको.

हवा तपासलीस का? तापमान १० डिग्रीने उतरलं की प्रेशर साधारण दीड-पावणेदोन पीएसआयने (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी होतं. उन्हाळ्यात २५ डिग्रीला ३६ भरली असशील तर आज ५ डिग्रीला ३२-३३ च दाखवेल, पंक्चर नसताना. सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजून मॅन्युअलमधल्या आकड्यावर आण. ग्रिप वाढेल म्हणून मुद्दाम कमी ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस, रस्त्यावर त्याने गाडी जड आणि डगमगती होते.

पण खरी भीती टायरची नाही, रस्त्याची आहे. डिस्प्लेवर ३ डिग्री दिसतं ते हवेचं. रात्री आभाळ निरभ्र असलं तर रस्ता हवेपेक्षा जास्त गार होतो आणि शून्याच्या खाली जाऊ शकतो. पुलावर तर खालूनही वारा लागतो म्हणून तिथे बर्फाचा पातळ थर सगळ्यात आधी धरतो, आणि तो दिसत नाही, फक्त ओला डांबर दिसतो. झाडांच्या सावलीतली वळणं, ओला पालापाचोळा, इमारतीमागचा जो भाग दुपारपर्यंत ऊन बघत नाही, हे सगळं त्यातच आलं. मी सकाळी ४ च्या खाली असेल तर गाडी काढतच नाही, दुपारी काढते. ऑफिसला बस असेल तर सकाळी बसने जा आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी मनसोक्त फिर, खरंच सांगतेय.

पाना_दहाबारा:

ग्रिपचं वर आलंच आहे, मी बोटांचं आणि काकांचं सांगतो.

५ डिग्रीला ताशी ८० ने गेलास तर उघड्या कातडीला साधारण उणे ३ सारखं लागतं. म्हणजे आधी वारा अडव, मग ऊब शोध. हीटेड ग्रिप्स तळहात तापवतात पण वारा लागतो तो हाताच्या पाठीला, त्यामुळे हँडगार्ड नसतील तर ग्रिप्सचा अर्धाच उपयोग. ग्लोव्हज फार जाड आणि घट्ट घेतलेस तर रक्त नीट फिरत नाही आणि क्लच-ब्रेकचा अंदाजही जातो. आणि बोटं गार पडण्याचं मूळ बऱ्याचदा छातीत असतं, धड गार पडलं की शरीर हातापायांचं रक्त कमी करून आतले अवयव जपतं. म्हणून आतून लोकरीचा किंवा सिंथेटिक थर (कॉटन नको, घाम धरून ठेवतं), मधे फ्लीस, वर वारा न शिरणारं जॅकेट आणि गळ्याला नेक वॉर्मर. गळा उघडा राहिला तर बाकी सगळं फुकट. एवढं करूनही भागलं नाही तर हीटेड जॅकेट ग्रिप्सपेक्षा भारी, पण ते ७०-९० वॅट खातं, तुझ्या गाडीचा अल्टरनेटर तेवढं देतो का ते आधी बघ नाहीतर बॅटरी उतरेल. बोटं बधीर झाली असं जाणवलं की थांबायचं, पुढच्या सिग्नलपर्यंत ढकलायचं नाही, कारण त्या बोटांनीच ब्रेक दाबायचाय.

आता काकांचा सल्ला. मनापासून सांगतो, हे करू नकोस. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बरंचसं सायलेन्सरमधून जातं पण थोडं पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरतं, आणि गार इंजिनात ते तिथेच पाणी होऊन बसतं. उभ्या गाडीला दहा मिनिटं चालू ठेवून ते उडून जात नाही, दर आठवड्याला उलट भर पडते, सायलेन्सर आतून गंजतो ते वेगळंच. कूलंटचा काटा वर आला म्हणजे ऑइल तापलं असं नसतं, ऑइल बरंच मागून तापतं. तुझा दहा-बारा मिनिटांचा ऑफिसचा फेरा पण याच प्रकारात मोडतो, इंजिनावरची ऑइल बघायची काच तपास, आत दुधाळ फेस दिसला तर तेच कारण असायची शक्यता जास्त.

म्हणून माझं म्हणणं असं की शेवटची राइड नीट लांब कर, निदान अर्धा-पाऊण तास सलग, हायवेला. निघायच्या आधी टाकीत स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं द्रव्य) टाकून पेट्रोल गळ्यापर्यंत भर म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचतं आणि टाकीत दमट हवेला जागा कमी उरते. इथेनॉलवालं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं, जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं. परत आल्यावर ऑइल गरम असतानाच ऑइल आणि फिल्टर बदल. जुनं ऑइल आम्लं आणि पाणी घेऊन हिवाळाभर बेअरिंगवर बसलेलं असण्यापेक्षा आत नवीन ऑइल असलेलं केव्हाही चांगलं. आणि मग वसंतापर्यंत स्टार्टरला हात लावायचा नाही.

कार्बवाला:

वरच्याला पूर्ण अनुमोदन. ज्यांच्याकडे कार्ब्युरेटर आहे त्यांनी स्टॅबिलायझर टाकला तरी फ्लोट बोल (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची छोटी वाटी) रिकामे करा, तिथलं थोडंसं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो तो पायलट जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक भोक, बुजवतो. सुसाट, तुला हे लागू नाही.

पण "कधी ठेवायची" याचं उत्तर अजून कुणी नीट दिलं नाहीये. माझ्या मते तारीख नाही, मीठ. बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर टाकतात ते मीठ पडलं की माझा सीझन संपला. आणि बर्फ पडायची वाट बघू नकोस, बर्फाच्या अंदाजावरच आधी मिठाचं पाणी फवारून जातात, कोरड्या रस्त्यावर लांबच लांब समांतर पांढऱ्या रेघा दिसल्या की समज. ते चेनमध्ये, डिस्कच्या बोल्टमध्ये, रेडिएटरच्या पात्यांत, वायरिंगच्या कनेक्टरमध्ये शिरतं आणि सगळं गंजवतं.

मोकळी_वाट:

@कार्बवाला इतकं कडक नको रे. एकदा मीठ पडलं म्हणून सीझन संपत नाही, मधे दोन-तीन दिवस चांगला पाऊस झाला की रस्ता धुतला जातो आणि त्यानंतरची कोरडी दुपार फार सुंदर मिळते. मी त्या दुपारी सोडत नाही. फक्त घरी आलं की लगेच गाडी गार पाण्याने धुवायची, गरम पाण्याने मिठाचं काम आणखी जोरात चालतं. प्रेशर वॉशर चाकाच्या बेअरिंगवर आणि चेनवर मारायचा नाही. मग पुसून चेनला ल्यूब.

कार्बवाला:

धुणार असशील त्याच दिवशी, तर मान्य. पण लोक धुत नाहीत गं, थंडी वाजते म्हणून उद्यावर टाकतात आणि मग गॅरेजच्या उबेत मीठ आरामात धातू खात बसतं.

सुसाट६५०:

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. आत्ताच खाली जाऊन हवा मोजली, पुढे ३१ आणि मागे ३७, मॅन्युअलमध्ये ३६ आणि ४२ आहे! आणि काचेत वरच्या कडेला हलका दुधाळ थर आहे. तर ठरवलं, सकाळचं ऑफिस बंद, रविवारी दुपारी लांब चक्कर मारून ऑइल बदलतो. ज्या दिवशी रेघा दिसतील त्या दिवशी ठेवायचीच असं धरून बसत नाही, पण धुवायची तयारी असेल तरच काढेन.

बॅटरीचं राहिलं. सीट काढून बघितलं तर आधीच्या मालकाने लिथियम बसवलीये, माझ्याकडे जुना साधा चार्जर आहे तो हिवाळाभर लावून ठेवला तर चालेल का? गॅरेजला हीटिंग नाहीये. आणि कूलंट कधी बदललंय तेही माहीत नाही.

पाना_दहाबारा:

तो चार्जर लावू नकोस. काही जुन्या चार्जरमध्ये सल्फेशन (लेड अॅसिड बॅटरीच्या पट्ट्यांवर बसणारा थर) काढायचा मोड असतो, तो जास्त व्होल्टेजचे झटके देतो आणि लिथियम बॅटरी खराब करू शकतो. शिवाय लिथियम शून्याच्या खाली चार्ज करायचीच नसते, आतून कायमची बिघडते. तिला सतत चार्जर लागतही नाही, स्वतःहून फार कमी उतरते. काढून घरात ठेव, निगेटिव्ह आधी सोड, वसंतात लावायच्या आधी व्होल्टेज बघ आणि लागलं तर लिथियमच्या चार्जरनेच भर. साधी लेड अॅसिड असती तर उलट, तिला मेंटेनर (बॅटरी भरलेली राखणारा छोटा चार्जर) लावून भरलेलीच ठेवावी लागते, कारण भरलेली लेड अॅसिड कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही पण उतरलेली उणे दहाच्या आसपाससुद्धा गोठून फुटू शकते.

कूलंट आधी तपास, हे ऑइलइतकंच महत्त्वाचं आहे. आधीच्या मालकाने उन्हाळ्यात नुसतं पाणी ओतलं असेल तर ते गोठून रेडिएटर किंवा ब्लॉक तडकेल. कूलंट तपासायचा हायड्रोमीटर स्वस्त मिळतो. शंका असेल तर सगळं काढून अर्धं अँटिफ्रीझ आणि अर्धं डिस्टिल्ड पाणी भर, साधारण उणे ३५ पर्यंत चिंता नाही. भरून झाल्यावर इंजिन तापेपर्यंत चालव म्हणजे थर्मोस्टॅट उघडून सगळीकडे फिरेल, नाहीतर ब्लॉकमध्ये जुनंच राहील. म्हणजे हे काम रविवारच्या चक्करच्या आधी, शनिवारी उरक.