बॉनेटखाली काय पाहिजे: कंपनीतून आली तसं का चकाचक?

जुनी_फियाट
आजोबांची १९७३ ची प्रीमियर प्रेसिडेंट आहे, म्हणजे पद्मिनी नाव पडायच्या आधीची, इंजिन तेच १०८९ सीसी. सहा वर्षं होटगी रोडच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती, दिवाळीनंतर काढली. बॉडी झाली, आता बॉनेटखालचं राहिलंय आणि तिथंच अडलंय. मिस्त्री म्हणतात टॅपेट कव्हर (इंजिनच्या माथ्यावरचं झाकण), बोल्ट, ब्रॅकेट सगळ्याला क्रोम मारू, आतनं काळा रंग देऊ, लाल सिलिकॉनचे होस, म्हणजे पाण्याचे पाइप टाकू, लोक बघत राहिले पाहिजेत. मला नाही पटत. बॅटरीची पट्टी काढली तर तिच्याखाली बॉडीचाच फिकट निळा रंग निघाला, म्हणजे काळा नंतर कुणीतरी फासलेला. बोल्टचे वॉशर सरकवले तर खाली झिंकची, म्हणजे जस्ताची पिवळसर झिलई, आहे तशी. गाडीच सांगतीय की मी कशी होते, मग आपण कशाला डोकं लावायचं? आणि वालचंद हिराचंद आपल्या सोलापुरात जन्मले, त्यांच्या कंपनीची गाडी सोलापुरातच लग्नाच्या घोडीसारखी सजवायची म्हणजे जरा जास्तच होतंय.

तेलकट_हात
काय करलालास बे! गाडी चालवायची का ओवाळायची? एप्रिलमधी ४२ डिग्रीत सात रस्ता चौकात पाच मिनिटं उभी करून दाखव. तो इंजिनवरचा फॅन आयडलला, गाडी उभी न् इंजिन चालू असताना, निवांत फिरतो, हवाच ओढत नाही. इलेक्ट्रिक फॅन बसव, होस नवे टाक, वायरिंग सगळी बदल. झिंक पिवळं होतं का पांढरं हे बघायला बॉनेटमधी डोकं घालणारा गावात तू एकटाच.

जुनी_फियाट
इलेक्ट्रिक फॅन बसवला की थांबतंय का ते? माझ्या गाडीत बॅटरी चार्ज करायला जुना डायनॅमो आहे, आयडलला तो जेमतेम चार्ज देतो, त्यावर फॅन चालवला की बॅटरी बसणार, मग त्याच्या जागी जास्त चार्ज देणारा अल्टरनेटर घाला, मग ब्रॅकेट कापा, मग वायर जाड करा. आणि गरम का होते ते तरी बघा आधी. रेडिएटरची टाकी उघडली तर आत बोअरच्या पाण्याचा चुना, चहाच्या भांड्यात बसतो तसा. आयुष्यभर नळीनं बोअरचं पाणी भरलं आणि शिव्या फॅनला.

निवृत्त_काका
मला दोघांचंही पटत नाही. पुन्हा झिंक मारणं हेसुद्धा नवंच ना, जुनं कुठं राहिलं? रॉकेल, ब्रश, जुनं धोतर घ्या आणि पुसा, बास. मी माझ्या गाडीचा इंजिन बे सँडब्लास्ट करून घेतला होता, त्या कारागिरानं फायरवॉलवरचा, म्हणजे इंजिनमागच्या पत्र्यावरचा चॅसी नंबर झाकलाच नाही, आकडे इतके पुसट झाले की पासिंगला भिंग घेऊन उभं राहावं लागलं, तीन खेपा घातल्या. शिवाय २०२१ च्या नियमाप्रमाणं ५० वर्षांवरची, मूळ रूपात असलेली आणि मोठी फेरफार न केलेली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तुमची त्यात बसते, बाहेर काढू नका.

तेलकट_हात
काका, पण व्हिंटेजमधी नोंदवली की रोज रस्त्यावर काढता येत नाही हे पण सांगा की. मग ती गाडी का गणपतीची मूर्ती?

प्लेटिंगवाला
अक्कलकोट रोड एमआयडीसीत प्लेटिंगचंच काम करतो म्हणून बोलतो. टॅपेट कव्हरला क्रोम मारा नाहीतर सोनं चढवा, माझं काही जात नाही, पण इंजिनचं हेड आवळणारे बोल्ट कुणालाही देऊ नका. ॲसिडात आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन शिरतो, हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताण सोसणारा बोल्ट आतनं ठिसूळ होतो. प्लेटिंग झाल्या झाल्या भट्टीत १९०-२०० डिग्रीला तासन् तास भाजावा लागतो आणि घाईतलं गिऱ्हाईक कुठं थांबतंय. वरनं क्रोमच्या आधी पॉलिश करताना बोल्टच्या डोक्यावरची खूण घासून जाते, मग ताकदीचा ग्रेड कुठला ते देवालाच माहीत. पिवळं झिंक हवं तर ब्रॅकेट, क्लिप, वॉशर आणा, ते होतं.

तेलकट_हात
बरं, बोल्टचं ऐकलं. पण जुन्यासारखी कापडी वायर घालतोयस, तिचं काय? सुती कापड तेल पितं आणि पेटतं.

जुनी_फियाट
आत नवी पीव्हीसीची वायरच आहे हो, जुन्या वायरचं रबर तर हात लावला की चुरा होतंय. वरनं फक्त सुती वीण चढवतोय. नाड्या विणणाऱ्या एका मशीनवाल्याकडनं करून घेतली, तो विचारत होता एवढ्या बारीक नाडीचा परकर कुणाचा. वर लाखेचा हात देतोय, जुन्या वायरवर पण होता, त्यानं तेल मुरत नाही.

निवृत्त_काका
परकराचं बरं आहे. पण लाखेपेक्षा फ्यूज नीट बघा, त्या गाडीत निम्म्या गोष्टींना फ्यूजच नसतो.

जुनी_फियाट
ते करतोय काका, बॅटरीजवळ करंट तोडायचा एक कटआउट स्विच पण टाकतोय, तो मात्र ओरिजिनल नाही, कबूल. ब्रॅकेट-क्लिपा सोमवारी एमआयडीसीत नेतो, हेडच्या बोल्टला हात नाही. टॅपेट कव्हरला क्रोम नाही म्हणजे नाही, मिस्त्री दोन दिवस बोलत नाहीत माझ्याशी. फॅनचं एप्रिलमध्ये बघू.

तेलकट_हात
एप्रिलमधी फोन कर. दोरी घेऊन येतो.