मदत हवी आहे : सड्यावरच्या खेकड्यांची नोंद कशी करावी?

मंडळी, आमच्या गावच्या कातळसड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, पावसाळ्यात जांभा दगडाच्या भोकांत छोटे, जांभळट रंगाचे खेकडे दिसतात. ओढ्यात सापडणाऱ्या, कालवणाच्या खेकड्यांपेक्षा हे अगदी वेगळे. घाटियाना या खेकड्यांच्या प्रजातीतले (genus) असावेत असं वाटतं. २०२२मध्ये कर्नाटकातल्या येल्लापूरजवळचा दुरंगी घाटियाना द्विवर्णा नवी जाती म्हणून नोंदवला गेला, तोही जांभ्याच्या बिळांतच राहणारा.

आता सड्याच्या एका टोकाला चिरेखाण (जांभ्याचे चिरे काढायची खाण) सुरू होण्याची बोलणी चालली आहेत. काळजी त्याचीच आहे. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या अंड्यांतून थेट पिल्लंच बाहेर येतात, पाण्याबरोबर दूर वाहत जाणाऱ्या अळ्या नसतात. त्यामुळे एखादी जात एवढ्याशा भागातच असू शकते. सडा फोडला की संपलं.

जात ठरवायला नराच्या पोटाखालचे अवयव तपासतात म्हणे, पण मला एकही खेकडा मारायचा नाही. नुसत्या फोटोंवरून प्राथमिक ओळख पटेल का? कोणकोणत्या बाजूंनी फोटो काढू? नोंद कुठे करावी, म्हणजे नेमकी जागा हौशी पाळणाऱ्यांना कळणार नाही? आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत हे कुणी लिहून घेतलं असेल, तर अर्ज कसा केलात तेही सांगा. पाऊस सरायच्या आत काम व्हायला हवं.