मदत हवी आहे: हंगेरीच्या चार्ल्सचा राज्याभिषेक नक्की कोणत्या साली?

दौत_लेखणी: हंगेरीच्या राजांचा तक्ता करतोय, चार्ल्सपाशी अडलोय. कुठे १३०१, कुठे १३०८, कुठे १३०९, कुठे १३१०. खरं साल कोणतं? आज रात्रीपर्यंत हवंय.

शिलालेख: कोणता चार्ल्स? हंगेरीत चार झाले. सालांवरून पहिला, आंजू घराण्यातला चार्ल्स रॉबर्ट वाटतो. रकान्याचं शीर्षक काय दिलंय?

दौत_लेखणी: हो, तोच. रकाना 'राजा झाला'. त्यावरून पुढे राज्यकाळ मोजायचाय.

शिलालेख: घोळ त्या शीर्षकातच आहे, चारही सालं बरोबर आहेत. अभिषेक पक्का धरायला तिथे तीन गोष्टी लागत: हंगेरीचा पहिला राजा संत इस्तवान याच्या नावाचा पवित्र मुकुट, एस्टरगोमचा आर्चबिशप आणि सेकेशफेहेरवार हे ठिकाण. १३०१ मध्ये चार्ल्सला एस्टरगोमला तात्पुरता मुकुट घातला. नोव्हेंबर १३०८ ला पेस्टच्या सभेने त्याला राजा मानलं. जून १३०९ ला बुडात आर्चबिशप होता, पण मुकुट नवा घडवलेला. खरा मुकुट ट्रान्सिल्व्हेनियाच्या लास्लो कानने अडकवून ठेवला होता. पोपच्या दूताने त्याला बहिष्कृत केल्यावर तो परत मिळाला आणि २७ ऑगस्ट १३१० ला तिन्ही गोष्टी जुळल्या. १३१० लिहा.

तामण: असहमत. १३०१ च लिहा. १४ जानेवारी १३०१ ला आंद्राश तिसरा वारला, आर्पाद घराण्याचा पुरुषवंश संपला. चार्ल्सच्या सनदांतली राज्यवर्षंही १३०१ पासूनच मोजली आहेत.

शिलालेख: मग मधल्या वर्षांत राजे झालेल्या वेन्सेस्लाव आणि ऑटोला कुठे बसवणार? वेन्सेस्लावला ऑगस्ट १३०१ ला सेकेशफेहेरवारलाच पवित्र मुकुट घातला, फक्त कालोचाच्या आर्चबिशपने. डिसेंबर १३०५ ला ऑटोचंही तसंच: मुकुट खरा, जागा खरी, एस्टरगोमचा आर्चबिशप नाही. १३०१ धरलंत तर तक्त्यातून दोन राजे गायब होतात.

तामण: गायब कशाला? दावेदार म्हणून वेगळ्या रंगात दाखवा.

पानगळ: मुकुटावरून आठवलं, तो संत इस्तवानच्या डोक्यावर कधी चढलाच नसणार. खालच्या पट्टीवर बायझंटाईन सम्राट मिखाएल सातव्याचं मीनाकाम आहे. त्याची कारकीर्द १०७१ ते १०७८, इस्तवान तर १०३८ लाच वारला. आणि गावाचं नाव 'सेकेश' असंच लिहा. हंगेरियनमध्ये नुसता एस म्हणजे श, त्याला झेड जोडला की स.

दौत_लेखणी: उच्चार विचारला नव्हता! एक साल सांगा.

रुमाल_क्र_७: एका सालाने भागणार नाही, रकाने तीन करा: निवड किंवा वारसा, अभिषेक, शेवट. चार्ल्स रॉबर्ट १३०८, १३१०, १३४२. १३०१ आणि १३०९ शेऱ्यात. राज्यकाळ पहिल्या रकान्यापासून मोजा, अभिषेकापासून मोजलात तर पुढच्या ओळीही चुकतील. मात्याशची निवड १४५८, अभिषेक १४६४, कारण मुकुट सम्राट फ्रेडरिककडे होता आणि तो ८०,००० सोन्याची नाणी मोजून सोडवावा लागला. दुसऱ्या जोसेफने (१७८० ते १७९०) अभिषेक करवूनच घेतला नाही, म्हणून लोक त्याला 'टोपीवाला राजा' म्हणत. त्याचा रकाना कोराच ठेवा.

दौत_लेखणी: तीन रकाने केले, चार्ल्स बसला. आता फर्डिनांड पाचवा! अभिषेक १८३०, राज्य १८३५ पासून. उलटं कसं? टंकनदोष?

रुमाल_क्र_७: नाही, दोन्ही सालं बरोबर. बाप फ्रान्सिस हयात असतानाच पोझोन्यला (आजचं ब्रातिस्लाव्हा) मुलाचा अभिषेक उरकला होता. आणि ऑस्ट्रियाच्या यादीत हाच फर्डिनांड 'पहिला' आहे. दोन याद्या एकत्र करत असाल तर आकडा तपासून घ्या. १९१६ चा चार्ल्स चौथाही तिकडे 'पहिला'.

दौत_लेखणी: म्हणूनच माझ्याकडे चार्ल्स पाच झाले होते. एक ओळ काढली.