उत्तर: उभ्या गाडीत आवाज येत असेल तर सीव्ही जॉइंट नसावा

स्टीअरिंग फिरवताना आवाज का येतो, हा धाग्यातला प्रश्न. वळताना कटकट म्हणजे सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या ॲक्सलचा सांधा) गेला, हे वर दोघा-तिघांनी लिहिलंय ते बरोबरच, पण गाडी धावत असताना. तो जॉइंट चाक फिरत असतानाच कटकटतो, पूर्ण वळण घेऊन जरा रेस दिली की जास्तच. धागाकर्त्याने तर पार्किंगमध्ये उभ्या गाडीचं स्टीअरिंग फिरवलं तरी 'टण्ण' होतं असं लिहिलंय. माझंही नेमकं हेच झालं होतं. गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून अख्खा ॲक्सल बदलला, आणि आवाज जिथल्या तिथे!

शेवटी दोष निघाला स्ट्रट माउंटच्या बेअरिंगमध्ये. स्ट्रट म्हणजे पुढच्या चाकाचा स्प्रिंगसकट शॉकॲब्सॉर्बर, त्याच्या डोक्यावर असतं हे बेअरिंग. जाम झालं की स्प्रिंग स्ट्रटबरोबर सहज वळत नाही. पीळ साठत जातो आणि मग एकदम झटक्याने सुटतो, तोच तो टण्ण. तपासायला पैसा लागत नाही. हँडब्रेक लावा, एकाला स्टीअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा आणि पुढच्या स्प्रिंगवर बाहेरून तळहात टेकवा (बोटं वेटोळ्यांच्या मधे घालू नका). हाताला उडी जाणवली की चोर सापडला. बेअरिंग बदलायला स्ट्रट उतरवावा लागतो, त्यामुळे नंतर चाकांचं अलाइनमेंट करून घ्या. माउंटचं रबर चिरलं असेल तर तेही त्याच वेळी बदला, दुप्पट मजुरी कशाला?

आणि वर सुचवलेल्या पॉवर स्टीअरिंगच्या ऑइल टॉपअपचं म्हणाल तर आधी गाडीला इलेक्ट्रिक स्टीअरिंग आहे का बघा. त्यात बहुधा ऑइलच नसतं.