पोर्शन मागे पडत नाही हो

वर ताईंनी लिहिलं की इंग्रजीचे सर तासाला बातम्या न् स्वतःच्या मनातलं सांगत बसले की पोर्शन मागे पडतो, मला हे पटत नाही. मी स्वतः इंग्रजी शिकवतो, यवतमाळकडच्या खेड्यात, इथं पोट्ट्यांच्या कानावर इंग्रजी पडते ती तासालाच. जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरची दिव्या देशमुख आपल्याच देशाच्या कोनेरू हम्पीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली, ते मी सोप्या इंग्रजीत सांगितलं, मले किती भरून आलं तेही सांगितलं, तर कधी तोंड न उघडणारी पोरगी उठून म्हणते, सर शी इज फ्रॉम अवर साईड! अन् दहावीच्या पेपरात न्यूज रिपोर्ट लिहायला येतोच की, त्याची तयारी आणखी कशी करायची सांगा.